कळलं नसेल तर दाबा

बाबा,

गेल्या आठवड्यात आमच्या ऑफिसात ट्रेनिंग होतं. नवीन सॉफ्टवेअर आलंय, ते शिकवायला एक टाय लावलेला मुलगा आला होता. त्यानं दारातच प्रत्येकाच्या हातात एकेक रिमोट ठेवला, टीव्हीच्या रिमोटपेक्षा लहान, तळहातात मावेल असा. तो काहीतरी समजावून सांगायचा, मग पडद्यावर प्रश्न यायचा आणि आपण बटण दाबायचं. कुणी काय दाबलं ते दिसत नाही, फक्त किती जणांनी दाबलं ते समोर येतं, हे तो मोठ्या कौतुकानं सांगत होता. "अजिबात लाजू नका," म्हणाला, "समजलं नसेल तर चार नंबर दाबा." मला त्यातलं ओ की ठो कळलं नव्हतं. आजूबाजूला नजर टाकली तर कुणाच्याच तोंडावर काही कळल्याची खूण नव्हती. पडद्यावर आलं, सगळ्यांना समजलंय. तो खूश झाला आणि पुढे सरकला. मी काय दाबलं ते विचारू नका. तुम्ही तसंही विचारलं नसतं. मी तो रिमोट हातात धरून बसले होते आणि मला साबणाच्या डब्या आठवत होत्या.

गिरगावातली खोली सोडून आपण भाईंदर पूर्वेला आलो तेव्हा मी पाचवीत होते. नातेवाईक म्हणाले, मिठागरात राहायला चाललात? ते काही अगदी खोटं नव्हतं. गॅलरीत उभं राहिलं की मिठाचे पांढरे ढीग दिसायचे, आणि खाडीवरून येणारा वारा घरातलं जे जे लोखंडाचं ते गंजवून टाकायचा. खिडकीचे गज, कपाटाच्या बिजागऱ्या, आईच्या शिलाई मशीनची सुईसुद्धा. आई दर आठवड्याला खोबरेल तेलाचा बोळा घेऊन घरभर फिरायची आणि तुम्हाला ऐकू जाईल अशा बेतानं गिरगावची आठवण काढायची. तुमची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर होती, मराठी माध्यमाची, आणि तीच माझी शाळा. घराच्या जिन्यात तुम्ही बाबा असायचात आणि शाळेच्या जिन्यात सर. दहावीला तुम्ही आम्हाला गणिताला आलात तेव्हा मला हे इतकं सवयीचं झालं होतं की एकदा घरी मी "सर, भाजी वाढू?" असं विचारलं होतं, आणि आई हसता हसता खाली बसली होती.

सगळं सुरू झालं ते त्या चुकीच्या पायरीपासून. तुम्ही फळ्यावर समीकरण सोडवत होतात. मध्येच मुद्दाम एक पायरी चुकीची लिहिलीत, धडधडीत चुकीची, अधिक चिन्हाच्या जागी वजा. मग आमच्याकडे वळून नेहमीसारखं विचारलंत, "कळलं?" आणि आम्ही अख्खा वर्ग, शाळाशाळांतून पिढ्यानपिढ्या ओरडतात तसे सुरात ओरडलो, "होऽऽ सर!" तुम्ही खडू ठेवून दिलात. रागावला नाहीत. रागावला असतात तर बरं झालं असतं. घरी आल्यावर तुम्ही जेवलात कमी, आणि मधूनच आईला म्हणालात, "इतकी वर्षं मी विचारतोय आणि पोरं ओरडतायत. ते उत्तर नाहीच. ती सवय आहे." आई म्हणाली, "मग विचारू नका." तुम्ही तिच्याकडे असं पाहिलंत की जणू तिनं श्वास घेऊ नका म्हणून सांगितलं.

शिक्षकांच्या कुठल्याशा शिबिरात तुम्ही एक इंग्रजी मासिक चाळलं होतं. त्यात परदेशातल्या एका वर्गाचा फोटो होता, प्रत्येक विद्यार्थ्याच्या हाताशी बटणं आणि शिक्षकाच्या टेबलावर दिवे. दिवाळीच्या सुट्टीत तुम्ही ते घरी करायला घेतलंत. जवळच्या इंडस्ट्रियल एस्टेटमधल्या एका गाळ्यात प्रवासाला नेतात तशा साबणाच्या प्लॅस्टिक डब्या बनायच्या, तिथल्या गुजराती शेठकडून तुम्ही गोणीभर रिजेक्ट माल उचलून आणलात. "ले जाव सर, मेरे को तो फेंकना ही है," असं तो म्हणाला, हे तुम्ही आईला दोनदा सांगितलंत, कारण तिनं गोणी बघताच विचारलं होतं, "सगळ्या वर्गाला आंघोळ घालणार आहात का?" गुलाबी आणि आकाशी डब्या, काहींची झाकणं वाकडी. प्रत्येक डबीत दारावरच्या बेलचं एक बटण, मागून निघालेली वायर, आणि एका प्लायवूडच्या फळीवर टॉर्चचे बल्ब. बल्बांवर गणपतीच्या मखराचा उरलेला लाल जिलेटीन पेपर. स्वयंपाकघरात एका शेगडीवर चकलीचं तेल तापतंय आणि ओट्याच्या दुसऱ्या टोकाला तुम्ही सोल्डरिंग करताय, असं ते दृश्य आहे. त्या वर्षीच्या चकल्यांना सोल्डरिंगच्या राळेचा वास होता, असं आई शेवटपर्यंत सांगायची. मला तो कधी आला नाही, पण तिच्याशी वाद घालणार कोण?

सुट्टी संपली आणि पहिल्याच दिवशी तुम्ही गोणी वर्गात आणलीत. प्रत्येकाच्या हातात एक डबी. बाकांखालून वायरी टेबलापर्यंत गेलेल्या, आणि आमच्यादेखत तुम्ही टेबलाखाली बसून त्या सगळ्या वायरी मुद्दाम एकमेकींत मिसळल्यात, डोळे मिटून, पत्ते पिसावे तशा, आणि मग फळीला जोडल्यात. "कुठला दिवा कुणाचा, हे आता मलाही माहीत नाही," म्हणालात. "आणि मला ते कळायला नकोय. डबी बाकाखाली धरायची. मी विचारीन तेव्हा ओरडायचं नाही. कळलं असेल तर गप्प बसा. कळलं नसेल तर दाबा." जुन्या स्कूटरची बॅटरी होती, ती लवकर उतरू नये म्हणून एक मोठा स्विच होता. शिकवून झालं की तुम्ही विचारायचात, "कळलं?", आणि मग तो स्विच लावायचात. त्या पहिल्या दिवशी तुम्ही स्विच लावलात आणि जवळजवळ सगळी फळी लाल झाली. वर्गात कुणीतरी हसलं. मग तुमचा चेहरा बघून थांबलं. तुम्ही फळ्याकडे वळलात, सगळं पुसलंत आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केलीत.

तुम्ही किती छान शिकवत होतात त्या दिवसांत. दुसऱ्यांदा सांगितलं की निम्मे दिवे विझायचे. तिसऱ्यांदा तुम्ही वेगळ्याच वाटेनं यायचात आणि उरलेले विझायचे. एक सोडून. फळीच्या खालच्या ओळीत अगदी कोपऱ्यातला एक दिवा, तो विझायचा नाही. तुम्ही चौथ्यांदा सांगायचात. समरूप त्रिकोणांच्या वेळी तर तुम्ही अख्खा वर्ग उठवून मिठागरावर नेलात. बांधावर एक काठी रोवलीत, तिची सावली मोजायला लावलीत, मग मिठाच्या ढिगाची सावली, आणि ढिगाला हात न लावता त्याची उंची काढून दाखवलीत. खारीगावातली एक मुलगी होती आमच्यात, तिच्या आजोबांनी त्याच आगरांत जन्म काढला होता, ती ढिगाकडे असं बघत राहिली की जणू तो कुणीतरी रातोरात तिथं आणून ठेवलाय. परत येऊन घामाघूम आम्ही बाकांवर बसलो. "कळलं?" तुम्ही स्विच लावलात. कोपऱ्यातला दिवा लागला. तुम्ही त्याच्याकडे बघून मान हलवलीत, एखाद्या माणसाकडे बघून हलवावी तशी, आणि म्हणालात, "ठीक आहे. उद्या पुन्हा बघू."

वर्गात कुजबुज सुरू झाली की तो दिवा माझाच. सरांची मुलगी आहे, म्हणून तर सर पुढे सरकत नाहीत. मधल्या सुट्टीत मला कुणी काही बोललं की मी तावातावानं भांडायचे. मी गप्प बसत होते, बाबा, मला खरंच कळत होतं, तिसऱ्या वेळेपर्यंत तर नक्कीच. एका संध्याकाळी तुम्ही ओट्यापाशी उभे राहून चहा गाळत होतात तेव्हा मी म्हणाले, "बाबा, तो दिवा माझा नाहीये हं." तुम्ही गाळणी तशीच हातात धरून वळलात. तुमचा तसा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. "तुला कुणी विचारलं? आज तू सांगितलंस माझा नाही, उद्या दुसरा येऊन सांगेल माझा नाही. असं करत करत शेवटी कोण उरेल? ते एकटं पोर उघडं पडेल. पुन्हा हा विषय काढायचा नाही." चहा ओट्यावर सांडला होता. मी फडकं आणलं आणि पुसत बसले. मला रडू येत होतं आणि तुमचं बरोबर आहे हेही कळत होतं, आणि दोन्ही एकदम होण्याची मला तेव्हा सवय नव्हती.

चित्रकलेचे सर आपल्याकडे चहाला यायचे. त्यांनी साधी गोष्ट सुचवली. "अहो सर, वायर तपासा ना एकदा. इथली हवा बघताय. डबीत आत गंज चढला असेल, पत्रा पत्र्याला चिकटला असेल. तुम्ही स्विच लावला की तो दिवा आपोआप लागत असणार. कदाचित डबी पकडणाऱ्या पोराला पत्ताही नसेल." मला वाटलं, सुटलो. तुम्ही बराच वेळ बशीतला चहा फुंकत राहिलात. मग म्हणालात, "हे माझ्या डोक्यात आलं नाही असं नाही. वायर तपासायला किती वेळ लागतो? दोन मिनिटं. पण समजा वायर चांगली निघाली, तर? कुणीतरी पोर इतके दिवस बाकाखाली हात धरून मला सांगतंय की सर, नाही कळलं. आयुष्यात पहिल्यांदा सांगतंय. आणि मी काय केलं? आधी वायर तपासली." चित्रकलेच्या सरांनी आईकडे बघितलं. आईनं खांदे उडवले. तिनं तोवर तुमच्यापुढे हात टेकले होते.

जानेवारीत मुख्याध्यापक आमच्या वर्गाच्या दारात येऊन उभे राहिले. पूर्वपरीक्षा तोंडावर आली होती आणि भूमितीची तीन प्रकरणं शिल्लक होती. तुम्ही स्विच लावलेला होता. त्यांनी फळीकडे पाहिलं, त्या एका दिव्याकडे पाहिलं, आणि आमच्यासमोरच म्हणाले, "सर, एका दिव्यासाठी अख्खा वर्ग थांबवायचा का?" ते वाईट नव्हते. त्यांच्या आवाजात काकुळती होती. तुम्ही म्हणालात, "दोनच दिवस द्या." पुढच्या सोमवारी आम्हाला दुसरे सर आले, आणि तुम्हाला पाचवीचा वर्ग दिला. नव्या सरांनी पहिल्या तासाला विचारलं, "कळलं?" आम्ही म्हणालो, "होऽऽ सर!" डब्यांची गोणी तुम्ही संध्याकाळी खांद्यावर टाकून घरी आणलीत. मी मागून चालत होते. तुम्ही एवढंच म्हणालात, "आता तो कुणाला सांगणार?"

निकालात आमच्या वर्गातली दोन मुलं गणितात राहिली. तुम्ही दोघांच्या घरी गेलात, एकाचं घर खारीगावात, दुसऱ्याचं पार घोडबंदरच्या वाटेवर. ऑक्टोबरच्या परीक्षेपर्यंत दर रविवारी शिकवलंत, दोघंही सुटले. पण तो दिवा त्यांच्यातल्या एखाद्याचा होता की नाही, हे तुम्ही त्यांनाही विचारलं नाहीत. कधीतरी जेवताना तुमचा घास हातात राहायचा. आई म्हणायची, "पास झालं असेल हो ते. बाकी सगळे पास झालेत ना?" तुम्ही म्हणायचात, "पास झालं असेल. पण कळलं असेल का?"

त्यानंतर काही वर्षांनी, मी नोकरीला लागून स्थिरावले होते तेव्हा, तुमची उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. तुम्ही पलंगावर पडून छताकडे बघायचात. आम्ही बोललो की डोळे कधी आमच्याकडे यायचे, कधी यायचे नाहीत. डॉक्टर म्हणाले, "ऐकू येतंय. कळतंय किती, ते काही सांगता येत नाही." मला त्याच क्षणी गोणी आठवली. माळ्यावरून काढली तर सगळं मीठ आणि गंज. एकेका डबीचं बटण दाबून धरून बघितलं, त्यातली एक गुलाबी डबी तेवढी चालत होती. एक बल्ब, दोन सेल, एक स्विच. डबी तुमच्या डाव्या हातात दिली, बोटं तिच्याभोवती मिटवली, आणि कानाशी जाऊन म्हणाले, "बाबा, मी बोलतेय ते कळतंय का? कळलं नसेल तर दाबा." आणि स्विच लावला.

दिवा लागला. आई ओरडलीच, "दाबलं! दाबलं त्यांनी!" मी तिला मिठी मारली, आम्ही दोघी रडत होतो. मग आईनं पदरानं डोळे पुसले आणि हळूच म्हणाली, "अगं, पण दाबलं म्हणजे नाही कळलं ना?" कळलं नसेल तर दाबा, हे ज्याला कळलं त्यानंच दाबलं असणार. मग ते कळलं. मग दाबलं कशाला? तुम्ही पूर्वीसारखे असतात तर फळ्यावर मांडून दाखवलं असतंत. मी उलटं करून बघितलं, "कळलं असेल तर दाबा." दिवा लागला. "पाणी हवंय का? नको असेल तर दाबा." लागला. "मी कोण? ओळखलं नसेल तर दाबा." बाबा, तो लागला. डॉक्टरांना सांगितलं तर ते म्हणाले, अशा पेशंटची मूठ आखडते, चांगल्या हाताचीही कधीकधी. मूठ सोडवून बघायला गेले तर तुमची बोटं डबी सोडायला तयार नव्हती, आणि ती हट्टानं धरलीयत की आखडलीयत, हे मला कळेना.

मग मी तुमच्यासारखंच केलं. पुन्हा सांगायला लागले. ऑफिसातून आले की हातपाय धुऊन तुमच्याजवळ बसायचे आणि दिवसभराचं सांगायचे, एकदा सरळ, मग सोप्या शब्दांत, मग तिसऱ्या वाटेनं. शेवटी स्विच लावायचे. दिवा लागायचा. खारीगावची ती वर्गमैत्रीण एकदा भेटायला आली, कडेवर मूल घेऊन. तिला दिव्याची डबी दिसली. ती तुमच्या पायांशी बसली आणि म्हणाली, "सर, तो दिवा माजा व्हता. मना कायच समजत न्हवता. आता समजलाय. तुमी चिंता करू नका." मी तिच्याकडे बघतच राहिले. तिला गणितात माझ्यापेक्षा जास्त मार्क पडायचे. जिन्यात मी तिला विचारलं, "खरंच तुझा होता?" ती मुलाचं टोपडं सारखं करत म्हणाली, "कुनाचा तरी व्हताच ना?" वर येऊन मी तुम्हाला तिचं वाक्य पुन्हा सांगितलं. तिच्या बोलीत, मग आपल्या बोलीत, मग अगदी लहान मुलाला सांगावं तसं. बाबा, ते पोर सापडलं. त्याला कळलंय. तुम्हाला कळलं? स्विच लावला. दिवा लागला.

एकदाच नाही लागला. एका संध्याकाळी मी मिठागराची आठवण काढली होती, काठी आणि सावली, आणि विचारलं, "कळलं?" आणि स्विच लावून बघते तर काही नाही. पुन्हा विचारलं. काही नाही. मी आईला हाक मारली. आईनं साखरेचा डबा काढला, माझ्या हातावर, स्वतःच्या जिभेवर, तुमच्या ओठांना बोट लावून तुम्हालासुद्धा. आम्ही त्या संध्याकाळी तुमच्याशी किती बोललो! सकाळी माझ्या लक्षात आलं, सेल संपले होते. नवीन घातले, दिवा पूर्वीसारखाच लागला. आईला मी हे सांगितलं नाही, आणि तिनंही कधी विचारलं नाही. तुम्ही गेलात तेव्हा डबी तुमच्या हातात नव्हती, आंघोळीसाठी आईनं बाजूला ठेवली होती. त्यामुळे शेवटी तुम्ही दाबलं असतं की नाही, तेही मला माहीत नाही.

आता आईही नाही. मागच्या वर्षी घराचं वायरिंग नव्यानं करून घेतलं तेव्हा माळा रिकामा केला. गोणी भंगारात दिली, डबी ठेवली. इलेक्ट्रिशियननं ती उचलून उलटसुलट करून बघितली. "मॅडम, ये क्या चीज है?" मी म्हणाले, "माझ्या वडिलांची आहे." त्याला मराठी येत होतं. म्हणाला, "चालू आहे का बंद? खोलून बघू? दोन मिनिटांचं काम आहे." त्यानं टेस्टर काढलासुद्धा. आतला पत्रा चिकटलेला निघाला असता तर मी समजले असते की तुम्ही कधी दाबलंच नव्हतं, गंजच इतके दिवस मला उत्तर देत होता, आणि तुम्ही कदाचित सगळं ऐकून गप्प पडून होतात. आणि चांगला निघाला असता, तर तुम्ही रोज संध्याकाळी मला सांगत होतात की नाही कळलं, आणि तिसऱ्या वेळेनंतर मला चौथी वाट सुचत नव्हती.

मी त्याच्या हातातून डबी काढून घेतली आणि परत फडक्यात गुंडाळून कपाटात ठेवली. अजून उघडलेली नाही. मी आधी वायर तपासली, असं तुम्हाला वाटायला नको.